कृष्णाकाठचा ताळेबंद

भांडवलशाही श्रेष्ठ की समाजवाद, हा वाद आपल्या सुशिक्षित समाजाच्या आवडीचा आहे. व्याख्यानमालांच्या मांडवांत तो रंगतो, महाविद्यालयांच्या वक्तृत्वस्पर्धांत त्याला ढाली मिळतात, आणि घरच्या दिवाणखान्यात तर तो चहाच्या दुसऱ्या पेल्याबरोबर हमखास येतो. वादाची साधनेही ठरलेली आहेत. एकाने रशियाचा दुष्काळ काढावा, दुसऱ्याने अमेरिकेतील १९२९ ची मंदी काढावी. एकाने स्वीडनकडे बोट दाखवावे, दुसऱ्याने चीनकडे. ज्या जिल्ह्यात आपण राहतो त्याच्याकडे मात्र कोणाचेही बोट वळत नाही. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे १९४९ पर्यंत एकाच जिल्ह्यात आणि आजूबाजूच्या संस्थानांत विखुरलेले होते. पुढे दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. जगात अर्थरचनेचे जेवढे म्हणून मोठे प्रयोग झाले, त्यांपैकी बहुतेकांची लहानशी आवृत्ती या पट्ट्यात कधी ना कधी निघालेली आहे. तेव्हा आज आम्ही वाचकांना मॉस्को अथवा न्यूयॉर्क येथे न नेता प्रथम कुंडलला नेऊ इच्छितो. तेथून पुढे जगाची वाट आपोआप फुटते.

कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळ निवडुंगाने भरलेल्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला कारखाना आणला. बेळगावात त्यांची जागा गेली होती. ज्यांनी त्यांना आश्रय दिला ते औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. जमीन संस्थानाची आणि दहा हजारांचे बिनव्याजी कर्जही संस्थानचेच. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, तिच्याशी झुंजत लक्ष्मणरावांनी नांगर विकले, पुढे पंप केले, आणि माळावर एक गाव उभे राहिले. खाजगी उद्योगाचे याहून उजळ उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. परंतु ज्यांना खाजगी उद्योग म्हणजे सरकारी मदतीवाचून उगवणारे रोप वाटते, त्यांनी हे विसरू नये की या रोपाला पहिले पाणी एका राजाने घातले. यात कमीपणा काहीच नाही. जपानात मेजी सरकारने आरंभी स्वतः गिरण्या व गोद्या काढल्या आणि १८८० नंतरच्या दशकात त्या खाजगी घराण्यांना स्वस्तात देऊन टाकल्या. नागासाकीची गोदी मित्सुबिशीकडे गेली ती अशीच. बाळसे धरण्यापूर्वी राज्याच्या मांडीवर न वाढलेले भांडवल जगात फार थोडे आहे.

त्याच औंध संस्थानात १९३९ मध्ये आणखी एक नवल घडले. महात्मा गांधींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडमधून आलेल्या गृहस्थाची खटपट यांच्या जोरावर बाळासाहेबांनी आपली सत्ता ग्रामपंचायतींच्या स्वाधीन केली. बहात्तर गावांचे हे इवलेसे राज्य. पण महसुलातील मोठा वाटा गावाने ठेवावा व गावानेच खर्चावा, ही कल्पना त्या काळात मोठमोठ्या राष्ट्रांनाही झेपलेली नव्हती. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि तो प्रयोग पुरता वाढण्यापूर्वीच संपला. दरम्यान याच कुंडलच्या परिसरात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले होते. १९४३ ते १९४६ या काळात त्याने न्यायनिवाडे केले, सावकारांना वेसण घातली, दरोडेखोरांना जरब बसविली, लग्नातील उधळपट्टी थांबविली. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या राज्याला कोणत्याच रकान्यात जागा नाही. त्याच चळवळीतील जी. डी. बापू लाड यांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आज कुंडल येथे आहे. त्यांचे सहकारी नागनाथअण्णा नायकवडी यांनी वाळव्याला हुतात्मा किसन अहिर यांच्या नावे काढलेला कारखाना चांगला ऊसदर देण्याबद्दल दीर्घकाळ नावाजला गेला. थोड्या मैलांच्या टापूत राजाश्रयाने वाढलेले भांडवल, ग्रामराज्य, क्रांतिकारकांचे सरकार आणि शेतकऱ्यांची सहकारी मालकी! वक्तृत्वस्पर्धेसाठी याहून सोयीचा जिल्हा दुसरा मिळणार नाही.

हा सगळा इतिहास आज काढण्याचे कारण वेगळे आहे. ज्या सहकाराचा आपण भाषणांतून गौरव करतो त्याची मालमत्ता गेल्या दीड-दोन दशकांत हातोहात बदलत चालली आहे. वसंतदादा पाटलांनी सांगलीला १९५० नंतरच्या दशकात उभा केलेला शेतकरी सहकारी साखर कारखाना कर्जापायी २०१७ पासून भाडेपट्ट्याने एका खाजगी कंपनीकडे चालावयास गेला. कोरेगाव तालुक्यातील जरंडेश्वर सहकारी कारखान्याचा २०१० मध्ये लिलाव झाला. त्या व्यवहारासंबंधीचे वाद तपासयंत्रणा व न्यायासने यांच्यापुढे गेले आहेत, म्हणून त्यावर आम्ही येथे मत देत नाही. राज्यभर पाहिले तर अलीकडच्या हंगामांत गाळप करणाऱ्या सुमारे दोनशे कारखान्यांपैकी जवळजवळ निम्मे खाजगी आहेत. एकेकाळी खाजगी कारखाना हा अपवाद होता. एका बाजूने ‘सहकार बुडाला, आता भांडवलदार आला’ असा शोक ऐकू येतो, आणि दुसऱ्या बाजूने ‘बरे झाले, आता तरी वेळेवर पैसे मिळतील’ असा सुटकेचा निःश्वास. आमच्या मते दोन्ही बाजू पाटीकडे पाहून बोलत आहेत. पाटीमागील दुकानात काय चालते, ते दोघेही पाहत नाहीत.

सहकार येथे का आला, ते आधी आठवावे लागेल. १८७५ मध्ये सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि चार वर्षांनी इंग्रज सरकारने दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांपुरता होता. साताऱ्याचे नाव त्या यादीत होते, ही काही अभिमानाची गोष्ट नव्हे. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, तरी १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत असे आढळले की खेड्यातील कर्जापैकी शेकडा तीनच्या आसपास कर्ज सहकारी संस्था पुरवीत होत्या. बाकी बहुतेक सावकार व व्यापारी. या पार्श्वभूमीवर प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी काढलेला कारखाना ही केवळ साखरेची गोष्ट नव्हती. ज्याच्या शेतात ऊस त्याच्याच मालकीची गिरणी, आणि एक सभासद एक मत, मग त्याचा ऊस दोन गुंठे असो वा वीस एकर, हे तत्त्व मँचेस्टरजवळच्या रॉचडेल येथे २८ कामकऱ्यांनी १८४४ मध्ये दुकान काढले तेव्हाचे. डेन्मार्कच्या गवळ्यांनी १८८२ पासून आपल्या दूधशाळांत तेच घेतले, तेथे मत गायीला नसे, माणसाला असे. रॉचडेलकरांचा आणखी एक नियम होता, तो मात्र आपल्या भाषणांत सहसा येत नाही: ठरावीक मुदतीने सर्व सभासदांपुढे हिशेब मांडणे.

आमच्या मते सारे रहस्य या न सांगितल्या जाणाऱ्या नियमात आहे. जगातील अर्थरचना मालकीवरून ओळखण्याची सवय आपल्याला लागली आहे. कारखाना कोणाचा, एवढे विचारले की आपले समाधान होते. परंतु गेल्या शंभर वर्षांचा अनुभव सांगतो की मालक कोण यापेक्षा मालकाला हिशेब कोण विचारू शकतो आणि उत्तर न आल्यास तो कोठे जाऊ शकतो, यावर त्या अर्थरचनेचे बरेवाईट अधिक अवलंबून असते. सोव्हिएत संघात १९२९ नंतर शेते सामुदायिक झाली. कागदावर ती शेतकऱ्यांच्याच मंडळांची होती. पण धान्य किती द्यावयाचे हे वरून ठरे, दर वरून ठरे, आणि १९३२ मध्ये देशांतर्गत प्रवासपत्राची पद्धत आली तेव्हा शेतकऱ्याला ते मिळाले नाही. कित्येकांना १९७४ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे विचारण्याची सोय नाही आणि निघून जाण्याचीही नाही. १९३२-३३ चा भयंकर दुष्काळ हा केवळ पावसाचा कोप नव्हता. चीनमध्ये १९५८ नंतर कम्यूनांतील अधिकाऱ्यांनी वर खोटे उतारे कळविले, खोट्या उताऱ्यांवर धान्यवसुली ठरली, आणि कोट्यवधी माणसे अन्नावाचून मेली. खोट्या आकड्याला ‘हा खोटा आहे’ म्हणणारा एकही सभासद त्या पद्धतीत शिल्लक नव्हता. मग १९७८ च्या हिवाळ्यात आन्हवेइ प्रांतातील शियाओगांग खेड्याच्या अठरा शेतकऱ्यांनी गुपचूप कागद करून जमीन घराघरांत वाटून घेतली. आजच्या चीनच्या भरभराटीची एक पायवाट त्या कागदावरून जाते.

भांडवलशाहीचा इतिहास याहून पवित्र आहे असे समजण्याचे कारण नाही. १९२९ पर्यंत अमेरिकेतील कंपनीने भागधारकांपुढे काय मांडावे हे बरेचसे कंपनीच्या मर्जीवर असे. बाजार कोसळल्यावर १९३३ व १९३४ मध्ये कायदे झाले आणि भागभांडवल उभारणाऱ्यांना आपला ताळेबंद जगापुढे मांडणे भाग पडले. म्हणजे ज्या देशाने खाजगी मालकीला देव्हाऱ्यात बसविले, त्यानेच तिच्यावर हिशेबाचा लगाम चढविला. लगाम सैल होताच २००८ मध्ये काय झाले ते आपण पाहिले: नफा त्यांचा आणि तोटा करदात्यांचा. यात भांडवलशाही उरली कोठे, हा प्रश्न तेथील विचारवंतही विचारीत असतात.

आता या प्रकाशात कृष्णाकाठ पाहू. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाइ यांनी समाजवादी कारखान्यांच्या एका आजाराचे फार मार्मिक निदान केले. कारखान्याला तोटा झाला तरी सरकार भरून काढणार हे चालकांना ठाऊक असते, म्हणून खर्चाची मर्यादा त्यांच्या दृष्टीने मऊ राहते. आणि मर्यादा मऊ असली की खर्च फुगतो, भरती फुगते, कर्ज फुगते. कोर्नाइंनी हे बुडापेस्टमध्ये बसून लिहिले, पण वर्णन जणू आपल्याच एखाद्या कारखान्याचे. राज्य सरकारचे भागभांडवल, राज्य सरकारची थकहमी, राज्य सहकारी बँकेचे आणि जिल्हा बँकेचे कर्ज. आणि ज्यांनी कर्ज द्यावयाचे त्या बँकेच्या संचालकांत व ज्यांनी घ्यावयाचे त्या कारखान्याच्या संचालकांत पुष्कळदा तीच घराणी. कर्ज बुडाले तर हमी सरकारची, सरकार आपलेच, आणि सरकारचा पैसा म्हणजे कोणाचाच नाही अशी समजूत. २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले, ते काही आकाशातून पडलेले संकट नव्हते. युगोस्लाव्हियात १९५० पासून कामगारांच्या हाती कारखाने देण्याचा स्तुत्य प्रयोग झाला. त्याचाही पाय याच चिखलात अडकला. बँका तोटे झाकीत राहिल्या, आणि १९८० नंतरच्या महागाईत सामान्य माणसाची मिळकत वितळून गेली.

याउलट स्पेनच्या बास्क प्रांतातील मोंद्रागोन येथे १९५६ पासून कामगारांच्या सहकारी कारखान्यांचे एक कुटुंब वाढले आहे. तेथील फागोर हा घरगुती यंत्रांचा कारखाना २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेला. भावंड संस्थांनी आधी पैसा पुरविला, आणि पुढे ‘आता आणखी नाही’ असे स्पष्ट सांगितले. कामगार-सभासदांचे भागभांडवल बुडाले. पण त्यांतील पुष्कळांना इतर भावंड संस्थांत सामावून घेण्यात आले. माणसे वाचविली, तोटा झाकला नाही. आमच्याकडे बहुधा याच्या नेमके उलट होते. तोटा वर्षानुवर्षे झाकला जातो, आणि झाकण उडाले की कारखान्याचा जुना कामगार पगाराच्या थकबाकीसाठी फाटकाशी उभा, ऊस घालणारा बिलासाठी फाटकाशी उभा, आणि ठेवीदार बँकेच्या दाराशी उभा.

मग खाजगी मालक आला तर हे रडगाणे थांबेल काय? काही ठिकाणी थांबले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ज्याचा स्वतःचा पैसा अडकलेला असतो तो वाफ फुकट घालवीत नाही व नातलगांची भरती करीत नाही. सांगलीच्या हळदीच्या बाजाराकडे पाहावे. हरिपूरच्या पेवांत साठविलेली हळद, वायदेबाजारात देशभर चालणारा सांगलीचा भाव, हे सारे व्यापाऱ्यांच्या हिशेबीपणावर उभे राहिले; कोणा मंत्र्याने त्याची कोनशिला बसविली नव्हती. विटा, खानापूर, आटपाडी या कोरड्या भागांतील माणसे सोनेचांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी हिंदुस्थानच्या शहराशहरांत गेली, तीही आप्ताच्या ओळखीवर आणि स्वतःच्या हिमतीवर. पण हळद आणि ऊस यांत एक मोठा फरक आहे. हळद पेवात वर्षभर राहते. भाव पटला नाही तर शेतकरी थांबतो. तोडलेला ऊस एका दिवसातच साखर सोडू लागतो. त्याला थांबता येत नाही, फार दूर जाता येत नाही, आणि गुऱ्हाळे आता पूर्वीइतकी राहिली नाहीत. म्हणून ऊसवाल्यापुढे खाजगी मालक असो वा सहकारी अध्यक्ष, तो नेहमी अर्ध्या कैदेत असतो. शरद जोशींनी झोनबंदीविरुद्ध आवाज उठविला तो याच कारणासाठी. ती बंदी उठली आणि शेजारच्या कारखान्याला ऊस घालण्याची मोकळीक मिळाली, याने जे साधले ते अनेक सर्वसाधारण सभांनी साधले नव्हते. परंतु ठरावीक अंतराच्या आत दुसरा कारखाना काढू न देण्याचा नियम कायमच आहे. स्पर्धेचे दार उघडले आहे, तेही साखळी लावून.

‘खाजगी’ या शब्दाचीही थोडी झडती घेतली पाहिजे. उसाचा किमान दर दिल्लीत ठरतो; २०२५-२६ च्या हंगामासाठी तो सव्वादहा टक्के उताऱ्यास टनामागे ३,५५० रुपये ठरला. साखरेच्या विक्रीची किमान किंमतही दिल्लीनेच ठरविली, २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये. साखरेपासून निघणाऱ्या इथेनॉलचा भाव सरकारी, त्याचे मोठे गिऱ्हाईक सरकारी तेलकंपन्या, निर्यातीची परवानगी सरकारी. खरेदी आणि विक्री या दोन्ही टोकांना सरकार उभे असताना मधल्या कारखान्यावर ‘खाजगी’ अशी पाटी लावली काय अन् ‘सहकारी’ अशी लावली काय, ॲडम स्मिथ तेथे मुक्कामाला येण्याची शक्यता नाही. आणि तोही कारखाना ज्या उसावर चालतो त्याला पाणी कोठून आले? कोयनेच्या धरणासाठी पाटण तालुक्यातील गावे उठली. १९६० नंतर तेथील वीज प्रथम मुंबईकडे गेली, आणि मागाहून विजेचे जाळे कृष्णाकाठीही पोचले. त्या विजेवर किर्लोस्करांसारख्यांचे पंप बसले. गावोगावच्या उपसा सिंचन संस्थांनी नळ टाकले, त्यांना कर्ज जिल्हा बँकेने दिले. सरकारचे धरण, खाजगी यंत्र, सहकारी कर्ज आणि शेतकऱ्याचा घाम यांच्या मिश्रणातून हा ऊस उगवतो. ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्यापैकी काहींचे पुनर्वसन पुढच्या पिढ्यांतही पुरे झाले नाही. या ताळेबंदात त्यांचे नाव जमेच्या बाजूस आहे की खर्चाच्या, हे कोणी सांगत नाही.

आणखी एक नाव तर ताळेबंदात मुळीच नाही. बीड, नगर या भागांतून दर दिवाळीनंतर ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाने दिलेली उचल डोक्यावर, पाचटाच्या खोपीत संसार, मुलांची शाळा सुटलेली. कारखाना सहकारी असो वा खाजगी, या माणसांना त्यात भाग नाही, मत नाही, बहुधा हजेरीपटावर नावही नाही. त्यांची तोडणी व वाहतूक उसाच्या बिलातून कापली जाते आणि मधल्या मधे मुकादम उभा असतो. इस्रायलच्या किबुत्झांनी समतेचा सर्वांत कडक आदर्श ठेवला, तेथेही बाहेरून मजूर लावण्यावरून वर्षानुवर्षे वाद झाला, कारण समता कुंपणाच्या आतच होती. आमच्या सहकारालाही हे कुंपण आहे. गंमत अशी की त्याचा उपाय सातारकरांच्या हातूनच झालेला आहे. पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या गोद्यांत व बाजारांत पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांना संघटित केले, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मालक, कामगार आणि सरकार यांचे मंडळ. मजुरी मंडळात जमा व्हावयाची व तेथून कामगाराला मिळावयाची. भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार. मालकी कोणाची बदलली नाही, एकही दुकान सरकारजमा झाले नाही, पण हमालाला हिशेब विचारण्याची जागा मिळाली. पाटणच्या माणसाने मुंबईत जे केले ते कऱ्हाड आणि वाळव्याच्या उसाच्या फडात का होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस आजवर मिळालेले नाही. टोळ्या फिरत्या असतात हे कारण सांगितले जाते. बंदरातील हमालही एका मालकाकडे नसे. त्यासाठीच तर मंडळ काढावे लागले.

तेव्हा आजारी कारखाना विकावा की न विकावा, या प्रश्नावर आमचे मत असे आहे. विक्री हे पाप नव्हे. बुडीत संस्था केवळ ‘सहकार’ या शब्दासाठी कर्जावर कर्ज देऊन जिवंत ठेवणे म्हणजे सभासदांचीच लूट. परंतु ज्या जमिनी, ज्या इमारती, ज्या आसवन्या सभासदांच्या भागभांडवलातून आणि बिलांतून कापलेल्या बिनपरतीच्या ठेवींतून उभ्या राहिल्या, त्यांचे मोल सभासदांच्या सभेत उघडपणे न सांगता थकीत कर्जाच्या रकमेइतक्या दराने ती संपत्ती हलविणे, यालाही आमचा ठाम विरोध आहे. विक्री किंवा भाडेपट्टा करावयाचा असेल तर स्वतंत्र मूल्यांकन गावोगावच्या चावडीवर लागले पाहिजे. घेणारा कोण, त्याच्यामागे पैसा कोणाचा, हे नावानिशी जाहीर झाले पाहिजे. आणि कारखाना बुडविणाऱ्या मंडळातील कोणीही अथवा त्याचे निकटचे आप्त घेणाऱ्या बाजूला असता कामा नयेत. भाडेपट्ट्याची मुदत सरल्यावर कारखाना परत घेण्याची ताकद सभासदांत राहावी यासाठी भाड्याची रक्कम कोठे जाते, ती केवळ जुन्या व्याजात जिरते काय, याचाही खुलासा दरवर्षी व्हावा. ज्यांना या अटी जाचक वाटतील त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्यास जागा आहे, एवढेच आम्ही म्हणतो.

सुशिक्षित वाचकांशीही आमचे थोडे भांडण आहे. सातारा, सांगली, कऱ्हाड, मिरज येथील वकील, अध्यापक, डॉक्टर, बँकेतील अधिकारी यांच्यापैकी पुष्कळांच्या घरी वडिलार्जित शेती आहे, आणि त्यामुळे कारखान्याचा एखादा भागही आहे. भागाचा दाखला कपाटात, सवलतीची साखर दिवाळीला घरात, आणि सहकारावरील टीका दिवाणखान्यात, असा त्रिवेणी संगम आपण साधला आहे. सर्वसाधारण सभेला मात्र आपण जात नाही, कारण तेथे गोंगाट असतो. गोंगाट असतो हे खरेच. ‘मंजूर, मंजूर’ च्या गजरात काही मिनिटांत बारा विषय उरकल्याच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. परंतु ताळेबंद वाचता येणारी माणसे घरी बसतात म्हणूनच तो गजर चालतो. ज्याला घसारा म्हणजे काय ते कळते, थकहमी आणि तारण यांतला फरक कळतो, असा माणूस सभेत उभा राहून दोन प्रश्न विचारील तर त्याला बसविणे ‘खाली बसा’ एवढ्याने साधत नाही. डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी दूधशाळा काढण्यापूर्वी आपल्या मुलांसाठी लोकशाळा काढल्या होत्या. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, ती शिकलेली मुले पुढे गावाकडे पाठ फिरवून बसावीत म्हणून खासच नव्हे.

कायद्याप्रमाणे वार्षिक सभा सप्टेंबरअखेर भरवावी लागते, आणि अहवाल त्यापूर्वी सभासदाच्या हाती यावा लागतो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे न दिल्यास शेकडा पंधरा दराने व्याज देण्याची तरतूद १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. गेल्या हंगामातील किती दिवसांचे व्याज कारखान्याने दिले, सरकारी हमीवरील कर्ज किती आणि त्याचे तारण काय, भाडेपट्टा असल्यास वर्षाचे भाडे कोणत्या खात्यात जमा झाले, तोडणीच्या टोळ्यांची किती रक्कम मुकादमांकडे गेली आणि कोयत्याच्या हाती किती पडली, एवढे चार आकडे अहवालात आहेत की नाहीत ते पाहावे. नसतील तर लेखी मागावेत, आणि लेखी उत्तर आले नाही तर ते पत्र आमच्याकडे पाठवावे. ते आम्ही याच पानावर छापू.